आयरिस कसं लावायचं, कसं हलवायचं आणि त्याचं नाव का हरवू द्यायचं नाही?

इंग्लंडच्या सफोक परगण्यात हॅडली नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या कडेला ‘बेंटन एंड’ नावाचं एक जुनं घर आहे. १९४० साली सेड्रिक मॉरिस नावाचे चित्रकार या घरात राहायला आले. त्यांची चित्रकलेची शाळा आधी डेडम गावात होती. १९३९ साली तिला आग लागली आणि शाळेसकट सगळा मुक्काम हॅडलीला हलवावा लागला. पुढे जगभर नाव झालेले चित्रकार लुसियन फ्रॉइड याच शाळेत शिकले.

मॉरिस जितक्या मन लावून चित्रं काढायचे, तितक्याच मन लावून बाग करायचे. त्यांना खरं वेड होतं ते आयरिसच्या फुलांचं. दरवर्षी हजाराच्या आसपास रोपं ते बियांपासून वाढवायचे, त्यातली बहुतेक टाकून द्यायचे आणि मोजक्या झाडांना नाव द्यायचे. अशी नव्वदच्या आसपास नवी वाणं त्यांनी तयार केली.

१९८२ साली मॉरिस गेले आणि त्यांच्यामागे ती बाग तशी राहिली नाही. त्यांची झाडं तोवर मित्रांच्या, ओळखीपाळखीच्यांच्या आणि नर्सरीवाल्यांच्या बागांमध्ये पोचली होती. आयरिस तसं चिवट असतं, त्यामुळे जिथे गेली तिथे ती फुलत राहिली. पण त्यांतल्या कितीतरी झाडांचं नाव काय, हे सांगणारं कुणी उरलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, झाड जिवंत आहे, फुलतंय, मग नाव गेलं तर काय बिघडलं? आयरिसच्या बाबतीत बरंच बिघडतं. का, ते समजून घेऊ. त्याच ओघात हे झाड लावायचं कसं, हलवायचं कसं आणि त्याची पाटी टिकवायची कशी, हेही पाहू.

आयरिस म्हणजे नेमकं काय?

ग्रीक पुराणात इंद्रधनुष्याची जी देवी आहे, तिचं नाव आयरिस. या फुलांमध्ये जवळपास सगळे रंग सापडतात, म्हणून तेच नाव फुलालाही मिळालं. जगात आयरिसच्या अडीचशे ते तीनशे जाती आहेत. त्या सगळ्या उत्तर गोलार्धातल्या, म्हणजे युरोप, आशिया, उत्तर अमेरिका आणि उत्तर आफ्रिकेतल्या.

फूल ओळखायला सोपं असतं. तीन पाकळ्या वर उभ्या राहतात आणि तीन खाली झुकतात. झुकलेल्या पाकळीवर मऊ केसांचा एक पट्टा असतो, त्याला बागवान मंडळी ‘दाढी’ म्हणतात. अशा फुलांच्या आयरिसला ‘दाढीवालं आयरिस’ म्हणतात. युरोप-अमेरिकेतल्या गावाकडच्या बागांमध्ये सगळ्यात जास्त दिसतं ते हेच, आणि आपण बोलणार आहोत तेही याच्याचबद्दल.

पानं तलवारीसारखी, लांब आणि चपटी असतात. आपल्याकडचं वेखंड पाहिलं असेल तर अंदाज येईल. युरोपात पाण्याकाठी उगवणाऱ्या एका पिवळ्या आयरिसचं शास्त्रीय नाव आहे ‘आयरिस स्यूडॅकोरस’. त्याचा शब्दशः अर्थ होतो ‘खोटं वेखंड’. पानं वेखंडासारखी दिसतात, म्हणून हे नाव पडलं.

जमिनीखाली काय असतं, ते हळद किंवा आलं खणून काढलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. एक आडवं, जाडसर, गाठीगाठीचं खोड असतं. वनस्पतिशास्त्रात त्याला मूलक्षोड म्हणतात, आपण सरळ गड्डा म्हणू. या गड्ड्याची वाढ कशी होते हे एकदा कळलं, की लावणं, हलवणं आणि पाटी ही तिन्ही कोडी सुटतात.

एका नावाची सगळी झाडं म्हणजे एकच झाड

हापूस आंब्याची कोय पेरली तर हापूसच येईल असं नाही, हे कोकणात लहान पोरालाही माहीत असतं. हापूस हवा असेल तर कलमच लागतं. म्हणजे आज जितकी हापूसची झाडं आहेत, ती कलमाकलमाने पुढे आलेली आहेत.

आयरिसचंही तसंच आहे. ‘बेंटन कॉर्डेलिया’ हे मॉरिस यांचं एक गाजलेलं वाण. १९५५ साली त्याला ब्रिटनमध्ये आयरिसचा सर्वोच्च मान समजलं जाणारं डाइक्स मेडल मिळालं. हे वाण मॉरिस यांच्या बागेत एका बीपासून, एका रोपाच्या रूपात आलं. त्यानंतर जगात कुठेही ‘बेंटन कॉर्डेलिया’ असेल, तर ते त्याच एका झाडाचा तुकडा आहे. गड्डा तोडून कुणीतरी कुणालातरी दिला, त्यांनी पुढे दिला, असं करत ते पोचलेलं आहे.

त्याच झाडाचं बी पेरलं तर भलताच रंग येऊ शकतो. त्यामुळे एखादं वाण एकदा संपलं, की ते पुन्हा तयार करता येत नाही. तेच आई-बाप घेऊन हजार वेळा परागीकरण केलं, तरी तेच झाड मिळणार नाही.

नाव हरवलं की नेमकं काय होतं, ते इथे कळतं. झाड कुणाच्या तरी कुंपणापाशी जिवंत असतं, पण त्याला शोधणाऱ्याला ते सापडत नाही. ज्याच्या बागेत ते आहे, त्याच्यासाठी ते ‘एक जांभळं आयरिस’ असतं. घर विकलं, कुंपण हललं, वाफा उखडला, की जांभळं आयरिस फेकलं जातं. तोच त्या वाणाचा जगातला शेवटचा तुकडा होता, हे कुणाला कळतही नाही.

झाड चालतं, पाटी जागेवर राहते

एका गड्ड्याला आयुष्यात एकदाच फूल येतं. गड्ड्याच्या टोकाला जो कोंब असतो, त्याचाच पुढे फुलाचा दांडा होतो, आणि त्या गड्ड्याची वाढ तिथेच थांबते. पण तोवर त्याच्या दोन्ही बाजूंना नवे फुटवे आलेले असतात. पुढच्या वर्षांत ते फुटवे फुलतात, त्यांच्या बाजूंना आणखी फुटवे येतात.

म्हणजे आयरिसचं बेट दरवर्षी बाहेरच्या बाजूला सरकत जातं. मधले जुने गड्डे वाळून लाकडासारखे होतात आणि बेटाचा मधला भाग रिकामा पडतो. तीन-चार वर्षांत बेट फूट-दीड फूट पसरतं. तुम्ही पाटी रोवलेली असते पहिल्या दिवशीच्या गड्ड्याशेजारी. चार वर्षांनी त्या पाटीपाशी काहीच नसतं. आणि शेजारच्या वाणाचं बेटही इकडेच सरकत आलेलं असतं. दोन्ही बेटं एकमेकांत घुसतात. मग मधला तो फुटवा कुणाचा? फूल नसताना सांगता येत नाही, कारण पानं साधारण सारखीच दिसतात.

दुसरा घोटाळा बियांचा. फूल सुकल्यावर दांड्यावर बोंड धरतं, ते पिकून फुटतं आणि बिया तिथेच पडतात. त्यातली एखादी उगवते आणि दोन-तीन वर्षांनी जुन्या बेटाच्या मधोमध नव्याच रंगाचं फूल येतं. लोकांना वाटतं, झाडाने रंग बदलला. खरं तर ते आईच्या कुशीत वाढलेलं वेगळंच झाड असतं. त्यात नवं रोप जोरकस असेल तर ते जुन्याला दाबून टाकतं. पाटीवर जुनं नाव आणि जमिनीत भलतंच झाड, असा प्रकार होतो.

यावर उपाय सोपा आहे. फुलं सुकली की दांडा मुळाशी कापून टाकायचा. बोंडच धरलं नाही, तर पुढचा गोंधळ टळतो.

लावताना काय लक्षात ठेवायचं?

दाढीवाल्या आयरिसला तीन गोष्टी लागतात. ऊन, पाण्याचा निचरा आणि हिवाळ्यातली थंडी.

ऊन दिवसातून किमान सहा तास हवं. सावलीत पानं भरपूर येतात, फुलं येत नाहीत. जमीन पाणी धरून ठेवणारी असेल तर वाफा उंच करायचा. साचलेलं पाणी गड्ड्याला सहन होत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती खोलीची. आपल्याला सवय असते कंद खोल पुरायची. आयरिसचा गड्डा मात्र जमिनीच्या अगदी वर, पाठ उघडी राहील असा ठेवायचा असतो. खड्ड्याच्या मधोमध मातीचा छोटा उंचवटा करायचा, त्यावर गड्डा बसवायचा, मुळं दोन्ही बाजूंना खाली सोडायची आणि मुळांवर माती दाबायची. ऊन फार कडक असेल तर गड्ड्यावर एखाद सेंटिमीटर माती चालते. खोल पुरलेला गड्डा एकतर कुजतो, नाहीतर वर्षानुवर्षं नुसती पानं देतो.

दोन झाडांमध्ये ३० ते ४५ सेंटिमीटर अंतर ठेवायचं. वेगवेगळी वाणं शेजारी असतील तर त्याहून थोडं जास्तच. नत्र जास्त असलेलं खत टाळायचं. त्याने पानं लुसलुशीत होतात आणि कूज लवकर लागते.

आणि एक युक्ती, जी पुढे पाटीच्या कामी येते. गड्ड्याची वाढ नेहमी पानांच्या पंख्याच्या दिशेने होते. म्हणून लावतानाच एका ओळीतले सगळे गड्डे एकाच दिशेला तोंड करून बसवायचे. मग सगळी बेटं साधारण एकाच बाजूला सरकतात, एकमेकांवर आदळत नाहीत. पाटी गड्ड्याच्या मागच्या टोकाला लावायची. चार वर्षांनी बेट कुठे सरकलंय, हे पाटीवरून मागे-पुढे बघून सांगता येतं.

हलवायचं कधी आणि कसं?

दर तीन-चार वर्षांनी बेट खणून वेगळं करावं लागतं, नाहीतर गर्दी होऊन फुलं कमी होतात. याचा योग्य काळ म्हणजे फुलं संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी. इंग्लंड-अमेरिकेत तो जुलै ते सप्टेंबर असा येतो. या काळात झाड थोडं विश्रांतीला आलेलं असतं आणि थंडीच्या आधी नवी मुळं धरायला त्याला वेळ मिळतो.

नावं सगळ्यात जास्त हरवतात ती याच कामात. त्यामुळे कामाचा क्रम महत्त्वाचा आहे.

१. खणायच्या आधी नाव पानावर लिहा. आयरिसचं पान रुंद आणि गुळगुळीत असतं, त्यावर मार्करने छान लिहिता येतं. बेटातल्या प्रत्येक पंख्याच्या एका पानावर नाव घाला. मग तुकडे कितीही झाले तरी नाव त्यांच्यासोबत जातं.

२. एका वेळी एकच बेट खणा. ते पूर्ण वेगळं करून, नाव घालून बाजूला ठेवल्याशिवाय दुसऱ्या बेटाला हात लावू नका. दोन वाणांचे गड्डे एका घमेल्यात पडले, की पुढच्या वर्षी फूल येईपर्यंत ते वेगळे करता येत नाहीत.

३. बेटाला काट्याने किंवा फावड्याने लांबून उचला. माती झटका. बाहेरच्या बाजूचे टणक, तरुण गड्डे ठेवा. मधले वाळलेले आणि पोकळ गड्डे टाकून द्या.

४. गड्डा मऊ लागला आणि घाण वास आला, तर ती जिवाणूंमुळे होणारी कूज आहे. कुजलेला भाग चमच्याने खरवडून काढा आणि गड्डा उन्हात कोरडा होऊ द्या. कापायची सुरी प्रत्येक बेटानंतर पुसून घ्या.

५. पानं १५ ते २० सेंटिमीटरवर कापा. मुळं कमी झालेली असताना मोठी पानं झाडाला पोसता येत नाहीत, वाऱ्याने गड्डाही हलतो. कापताना ज्या पानावर नाव लिहिलंय, ते खालच्या भागात आहे ना, एवढं बघा. हा घोळ फार जणांचा होतो.

६. कापलेल्या जागा एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि मग लावा.

आयरिसचा एक मोठा गुण म्हणजे उघडा गड्डा कोरड्या जागी काही आठवडे आरामात राहतो. म्हणून तर शंभर वर्षांहून जास्त काळ हे गड्डे पोस्टाने एका देशातून दुसऱ्या देशात जात आले आहेत. शेजाऱ्याला वानोळा द्यायलाही हे झाड सोयीचं. फक्त देताना पिशवीत चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीशिवाय दिलेला गड्डा म्हणजे नाव हरवण्याची पहिली पायरी.

पाटी कशाची करायची?

नवशिक्या माणसाची पहिली पाटी प्लास्टिकची असते आणि त्यावर ‘पर्मनंट’ मार्करने लिहिलेलं असतं. उन्हात प्लास्टिक एक-दोन वर्षांत कडक होऊन मोडतं. मार्करची शाई त्याआधीच उडते, कारण शाईतला रंग उन्हाने फिका पडतो.

शिसपेन्सिलीचं तसं होत नाही. पेन्सिलीतलं ग्राफाइट हा कार्बनचा प्रकार आहे, उन्हाने तो विटत नाही. म्हणून साध्या मऊ पेन्सिलीने लिहिलेली पाटी मार्करपेक्षा जास्त टिकते. जस्ताच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेलं वर्षानुवर्षं वाचता येतं. दुसरा चांगला पर्याय म्हणजे ॲल्युमिनिअमची पातळ पट्टी. त्यावर बॉलपेनने दाबून लिहायचं. शाई गेली तरी अक्षराचा खळगा राहतो.

तरीही पाटी निघतेच. गवत कापताना उडते, कुत्रं उकरतं, पक्षी उपसतात, बर्फाच्या प्रदेशात जमीन गोठून फुगते आणि पाटी वर ढकलते. म्हणून अनुभवी माणसं दोन पाट्या करतात. एक दिसेल अशी वर, दुसरी गड्ड्याच्या मागे मातीत पुरलेली. वरची गेली तर खालची साक्षीला असते.

पाटीवर नुसतं नाव पुरेसं नाही. वाणाचं नाव, ते कुणी तयार केलं, नोंदणीचं वर्ष, आपल्याला कुणाकडून मिळालं आणि कधी लावलं, एवढं असावं. जागा नसेल तर पाटीवर नाव आणि क्रमांक घालायचा, बाकीचं वहीत.

पाटीपेक्षा वही भरवशाची

पाटी ही बागेतली सोय आहे. खरा दस्तऐवज घरात असतो. वाफ्याचा साधा नकाशा काढा. एक पक्की खूण धरा, घराचा कोपरा किंवा फाटकाचा खांब, आणि तिथून मोजून कोणत्या ओळीत कितवं झाड कोणतं, ते लिहा. झाडं हलवली की नकाशा त्याच दिवशी बदला. ‘उद्या लिहू’ म्हटलं, की विषय संपला.

मग दरवर्षी फुलांच्या दिवसांत नकाशा हातात घेऊन बागेतून एक फेरी मारा. फूल हाच एकमेव पुरावा आहे आणि तो वर्षातून दोन-तीन आठवडेच मिळतो. नाव आणि फूल जुळत नसेल, तर तिथल्या तिथे दांड्याला रंगीत दोरा बांधून ठेवा. खणायच्या वेळी दांडा कापलेला असेल, म्हणून दोऱ्याची नोंद वहीतही करा.

मोबाइलचा इथे उत्तम उपयोग आहे. फुलाचा फोटो काढताना पाटीही चौकटीत येऊ द्या. एक फोटो पूर्ण झाडाचा, एक फुलाचा जवळून. पाच वर्षांनी पाटी गेली तरी फोटो बोलेल.

कागद किती लांब जातो, याचं उदाहरण आयरिसच्याच इतिहासात आहे. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक मायकेल फॉस्टर जवळच्या ग्रेट शेलफर्ड गावातल्या आपल्या बागेत आयरिसवर संशोधन करायचे. १९०७ साली ते वारले. त्यांची टिपणं मात्र विल्यम डाइक्स यांच्या कामी आली आणि १९१३ साली डाइक्स यांचा आयरिसवरचा मोठा ग्रंथ निघाला. वर जे डाइक्स मेडल आलं, ते याच डाइक्स यांच्या स्मरणार्थ दिलं जातं.

नाव हरवलंच तर?

अमेरिकन आयरिस सोसायटी ही संस्था १९२० साली स्थापन झाली. १९५५ पासून जगभरातल्या आयरिसच्या नव्या वाणांची नोंदणी ती करते. फक्त कांद्यासारख्या कंदाची आयरिस यात येत नाहीत. नोंदणीत वाणाचं नाव, तयार करणारा, आई-बाप, उंची, फुलण्याचा हंगाम आणि रंगाचं वर्णन असतं. एकदा दिलेलं नाव सहसा दुसऱ्या आयरिसला मिळत नाही. या नोंदींच्या याद्या दर दहा वर्षांनी पुस्तकरूपात येत आल्या आहेत.

हौशी मंडळी नाव नसलेल्या झाडाला ‘नोआयडी’ म्हणतात. असं झाड ओळखायचं असेल तर जुने कॅटलॉग, या नोंदी आणि नाव पक्कं असलेल्या झाडाशी शेजारी-शेजारी तुलना, हा खात्रीचा रस्ता. उंची मोजा, एका दांड्याला किती कळ्या ते मोजा, दाढीचा रंग लिहा, वास लिहा, पानाच्या बुडाशी जांभळी छटा आहे का ते बघा. घर जुनं असेल, तर ते केव्हा बांधलं यावरूनही अंदाज बांधता येतो.

फोटो टाकून ‘याचं नाव काय?’ विचारलं, तर दहा मिनिटांत दहा नावं येतात. झाडं ओळखणारं ॲपही ‘आयरिस’ इथपर्यंत बरोबर सांगतं, पण वाण सांगणं त्याच्या आवाक्याबाहेर असतं. नोंदवलेल्या वाणांची संख्या हजारोंमध्ये आहे, एकसारखी दिसणारी जांभळी आयरिस त्यात ढीगभर आहेत आणि फोटोतला रंग उजेडाप्रमाणे बदलतो. म्हणून अंदाजाने आलेलं नाव पाटीवर लिहू नका. ‘क्रमांक १२, जुन्या विहिरीपाशी सापडलं’ असं लिहा. नाव नसलेलं झाड कधीतरी ओळखता येईल. चुकीचं नाव लागलेलं झाड मात्र तेच खोटं नाव घेऊन दहा बागांमध्ये जातं, आणि मग खरं वाण कोणतं, हे ठरवणं आणखी अवघड होतं.

बेंटनच्या आयरिसचं पुढे काय झालं?

मॉरिस यांनी नावं देताना एक गोष्ट फार चांगली केली होती. बऱ्याच वाणांच्या पुढे त्यांनी घराचं नाव लावलं. ‘बेंटन नायजेल’ हे एका मित्राच्या नावावरून, ‘बेंटन मेनेस’ त्यांच्या मांजराच्या आणि ‘बेंटन रुबियो’ पाळलेल्या मकाव पोपटाच्या नावावरून. आडनाव लावल्यासारखंच ते झालं. जिथे पाटी टिकली, तिथे झाड कुठल्या घरातलं हे लगेच कळलं.

सेरा कुक या केंट परगण्यातल्या सिसिंगहर्स्ट या प्रसिद्ध बागेच्या मुख्य माळी होत्या. तिथेही मॉरिस यांची काही आयरिस होती. निवृत्तीनंतर त्या सफोकला आल्या आणि मॉरिस यांची हरवलेली वाणं त्यांनी शोधायला घेतली. बागाबागांमधून एकेक झाड मिळवायचं, ते फुलू द्यायचं आणि नोंदींशी ताडून बघायचं, असं हे काम. एका झाडाच्या निकालासाठी पुढच्या मे-जूनची वाट पाहावी लागते, म्हणजे घाई करून उपयोग नाही. त्यातून मॉरिस यांच्या आयरिसचा राष्ट्रीय संग्रह उभा राहिला आणि २०१५ च्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये ती फुलं लोकांसमोर आली. आज त्यातली कित्येक वाणं नर्सरीत विकत मिळतात.

बेंटन एंड आता लंडनच्या गार्डन म्युझियमकडे आहे आणि तिथली बाग पुन्हा उभी केली जातेय. नव्वदच्या नव्वद वाणं मात्र सापडलेली नाहीत. जी राहिली, त्यातली काही खरंच संपली असतील. काही आजही कुठल्यातरी कुंपणापाशी बिननावाची फुलत असतील.

आपल्याकडे आयरिस येतं का?

भारतात आयरिसचं खरं घर हिमालयात आहे. काश्मीरमध्ये कबरस्तानात आयरिस लावायची जुनी रीत आहे. वसंतात कबरींमध्ये पांढरी आणि जांभळी फुलं उमलतात. तिथल्या पांढऱ्या आयरिसचं शास्त्रीय नावच ‘आयरिस काश्मिरियाना’ आहे.

महाराष्ट्र आणि गोव्यात दाढीवालं आयरिस अवघड आहे. त्याला फुलायला हिवाळ्याची चांगली थंडी लागते आणि आपल्या पावसाळ्यात उघडा गड्डा कुजायची भीती असते. नर्सरीत ‘आयरिस’ म्हणून जे मिळतं, ते कधीकधी डायटीस किंवा निओमारिका असतं. ही आयरिसच्याच कुळातली, पण वेगळी झाडं. विकत घेताना विचारून घ्या. उष्ण हवेत चालणारं एक खरं आयरिस म्हणजे ‘आयरिस डोमेस्टिका’. नारिंगी पाकळ्यांवर लाल ठिपके आणि फूल गेल्यावर बोंडात काळ्या चकचकीत बियांचा घोस, ही त्याची ओळख. २००५ पर्यंत ते वेगळ्या वंशात मोजलं जायचं. म्हणजे पाटी शास्त्रज्ञांनाही बदलावी लागते.

अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र हे सगळं प्रत्यक्ष बघता येईल. तिथे माँटक्लेअर गावात १९२७ साली फ्रँक प्रेस्बी यांच्या स्मरणार्थ सुरू झालेली आयरिसची बाग आहे. उताराच्या जमिनीवर जुनी-नवी वाणं ओळीने लावलेली आहेत. जायचं तर मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत.

आणि आयरिस नसलं तरी हा धडा आपल्या कुंडीलाही लागू आहे. कलमी गुलाब, जास्वंद, अडेनियम, आजोळच्या परसातून आणलेली मोगऱ्याची फांदी, ही सगळी कुणाच्या तरी झाडाचे तुकडेच आहेत. ते झाड कुठलं, कुणी दिलं आणि कधी लावलं, हे आज तुम्हाला आठवतंय. एक पेन्सिल घ्या आणि लिहून ठेवा.